फुटक्या खापराला विटाळ नसतो

राजाचं अकरावं वर्ष, एलूल महिन्याचा चौथा दिवस
अनाथोथ

अमर्या,

तुला गावाबाहेर जाऊन तीन दिवस झाले. रागावला असशील. खुशाल रागाव. मी थोरला आहे, गावातल्या माणसांच्या अंगावरचे डाग बघणारा याजक आहे, आणि तुझ्या हातावर जे दिसलं ते मी बोललो. धाकटा भाऊ म्हणून झाकून नेलं असतं तर उद्या गावानं माझ्याच तोंडावर विचारलं असतं.

वेदीवरच्या निखाऱ्यानं तुझं मनगट भाजलं होतं, तिथं चट्टा होता. चट्ट्यात दोन केस पांढरे होते. भाजल्या जागी केस पांढरा झाला की तो महारोगच, सात दिवस कोंडून वाट बघायचीही गरज नसते. हे मी तुला काय शिकवायचं? आपण एकाच बापाच्या मांडीवर बसून ते पाठ केलंय.

नियम पाळ. कपडे फाडून घाल, केस मोकळे सोड, ओठ झाक, आणि कुणी येताना दिसलं की आधी ‘अशुद्ध, अशुद्ध’ म्हणून ओरड. तुझा आवाज लहानपणापासून बारीक. जरा जोर लाव.

उत्तर द्यायचं असेल तर खापरावर दे. कातडं किंवा कापड पाठवू नकोस. तुझा हात लागला की त्याला विटाळ होतो आणि मला ते जाळावं लागतं. सबंध मडकंही नको. फुटक्या खापराला विटाळ होत नाही, ते आधीच कामातून गेलेलं असतं. उज्जी कुंभार रोज हद्दीच्या दगडापर्यंत भाकरीची टोपली आणून ठेवील. त्याची बायको हेला तुमच्या त्या रोग्यांच्या छपरातच आहे, त्यामुळे एका खेपेत त्याची दोन कामं होतात.

शलोमीथ आणि तुझी मुलगी बऱ्या आहेत. तुझी बायको माझ्याशी बोलत नाही, म्हणून अंगणात शांतता आहे.

अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. छपरात उजेड कमी असेल, तुला वाचायला त्रास नको.

हशब्या

एलूल महिन्याचा बारावा दिवस

अमर्या,

तुझं खापर मिळालं. शाई फार पातळ करतोस. दुपारच्या उन्हात धरलं तेव्हा कुठे वाचता आलं.

स्वतःच्या हाताबद्दल एक ओळ आणि हेलाबद्दल पाच ओळी. ती रडते, ती मान दाखवत फिरते, मानेवर काही नाही. अमर्या, डाग आहे की नाही हे छपरातले रोगी ठरवत नाहीत. तूही ठरवत नाहीस. मी बोलेपर्यंत डाग हा नुसता डाग असतो, मी बोललो की तो विटाळ होतो. बापानं हे काम मला दिलं, तुला नाही.

काय झालं होतं ते तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. हेला मनगटावरची पुटकुळी दाखवायला वेशीत आली होती. पुटकुळी साधी होती. पण मानेवर मला पांढरं काहीतरी दिसलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू सगळ्यांदेखत म्हणालास, “दादा, ती माती आहे. ओल्या फडक्यानं पूस, जाईल.” लोक हसले. वेशीत बसलेली वडीलधारी माणसंही हसली. उज्जी हसला, त्याची बायको हसली.

मग मी ‘अशुद्ध’ म्हणालो. सात दिवसांनी तिला पुन्हा बघितलं तेव्हा तिनं घासून घासून मान लाल करून आणली होती. चट्ट्याच्या जागी लाल म्हणजे उघडं मांस. उघडं मांस दिसलं की रोग पक्का, तुला माहीत आहे.

थोरल्या भावाला चारचौघांत शिकवायचं नसतं. घरी येऊन कानात सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं. तुझ्या हाताचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. तो पंधरा दिवसांनंतरचा विषय आहे.

हशब्या

किस्लेव महिन्याचा विसावा दिवस

अमर्या,

मंदिरातली आपल्या घराण्याची पाळी संपवून कालच शहरातून आलो. तुझ्या जागी दुसरा उभा होता. कुणी तुझं नाव काढलं नाही.

वेदीच्या कोपऱ्यावरच्या वाटीत द्राक्षारस ओतताना थोडा बाहेर सांडला. मागून कुणाचातरी धक्का लागला होता. लाकडाच्या खोलीत आपला लंगडा चुलतभाऊ भेटला. तो आणि त्याच्यासारखे व्यंग असलेले याजक दिवसभर वेदीची लाकडं निवडत बसतात, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. त्यांना भाकरी मिळते, पण वेदीजवळ जाता येत नाही. मला बघून तो सरकला आणि म्हणाला, तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. बाकीचे खाली माना घालून हसत होते. ते मला ऐकू आलं.

असल्या बातम्या शहरापर्यंत कोण पोचवतं हे मला ठाऊक होतं. शलोमीथनं विहिरीवर बायकांना सांगितलं होतं, भाऊजींनी दोर म्हणून वेल ओढली. म्हणून गावात पाऊल टाकल्यावर मी आधी तिच्या घराच्या भिंती बघायला गेलो. घराच्या भिंतीवर हिरवट चट्टे उठले तर दगड उपटून बाहेर टाकावे लागतात, तरी गेले नाहीत तर घर पाडावं लागतं. हे नियमशास्त्र आहे. त्यात माझा राग कुठे आला?

ती दारात उभी राहून म्हणाली की भिंतीचा चट्टा घरच्यांनी येऊन सांगायचा असतो, मी कुठे सांगितलाय? मी म्हणालो, आत येऊ दे. मग तिनं मला उभं ठेवलं आणि घर रिकामं करायला घेतलं. याजक बोलण्याआधी जे बाहेर काढलं त्याला विटाळ लागत नाही, तेवढं तिला पक्कं ठाऊक. जातं, अंथरुणं, तेलाची बुधली, मुलीचा पाळणा, एक एक वस्तू माझ्या अंगाला घासून नेली. शेवटी काही उरलं नाही तेव्हा म्हणाली, “आता दाखवा, कुठे?”

मी दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं हिरवट पट्टे होते.

तिनं तिथं हात फिरवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “ती वेलीची सावली आहे. मी फांदी हलवते, बघा.” तिनं फांदी हलवली असेल. पानं वाजली. भिंतीवर काय झालं ते मला सांगता आलं नाही.

“मग त्यांच्या हातावरचे दोन केस कुणी बघितले, भाऊजी?”

तिनं हे हळू विचारलं, शेजारी ऐकू जाणार नाही इतकं. मी घर शुद्ध आहे असं सांगून बाहेर पडलो. तिच्यावर हा उपकारच आहे. तिला कळवलंस तर बरं.

हात बघायला ये म्हणून तू तिसऱ्यांदा लिहिलंस. थंडी कमी होऊ दे.

हशब्या

तेबेथ महिन्याचा नववा दिवस

अमर्या,

हेला गेल्याचं उज्जीनं सांगितलं. तुझं खापरही त्यानंच आणलं. आता खापरं मी शलोमीथकडून वाचून घेतो. नवऱ्याचे शब्द तिच्याही कानावर पडावेत एवढाच हेतू. तिनं वाचलं, “मातीत ठेवण्याआधी हेलाची मान मी उजेडात बघितली. स्वच्छ होती.” वाचून ती थांबली. मी पुढे वाच म्हणालो. पुढे काही नव्हतं.

तू याजकाचा मुलगा. आपल्या रक्ताच्या माणसांशिवाय दुसऱ्या कुणाच्या प्रेताला हात लावायची आपल्याला मुभा नाही. आणि तू कुंभाराच्या बायकोला मूठमाती दिलीस. आतापर्यंत तुझा विटाळ माझ्या शब्दाचा होता, आता तुझ्या हातांचा झाला. हे मला लिहावं लागतं आहे, कारण नियम तोच आहे.

उज्जी गेला नाही, अंगणात उभाच राहिला. त्याला काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो की मेलेल्या माणसाला आता कुणी अशुद्ध म्हणत नाही. तो म्हणाला, “आठ दिवस पाऊस होता, याजकबाबा. छप्पर गळत होतं. आता तरी मान धुऊन निघाली असेल ना?”

मी म्हणालो, असेल.

मला झोप नाही. मला तिची मान दिसते. त्या दिवशी वेशीत दिसली नव्हती इतकी स्पष्ट दिसते, आणि तिच्यावर माती आहे, ओली, बोटानं निघेल अशी. हे पत्र फाडून टाक.

हशब्या

अदार महिन्याचा दुसरा दिवस

अमर्या,

शलोमीथनं काल तुझं नवं खापर वाचून दाखवलं. डोक्यापासून तळव्यापर्यंत तू पांढरा झालास, कुठे उघडं मांस नाही, दादानं येऊन बघावं.

थोडं अंग पांढरं तर माणूस अशुद्ध, आणि सगळं अंग पांढरं तर शुद्ध. लहानपणी आपण दोघं या नियमावर पोट धरून हसायचो. बापानं कान पिळले होते आणि सांगितलं होतं की देवाला कारण विचारायचं नसतं. बघ, त्याच नियमानं तू घरी येणार. त्या रोग्यांमध्ये सहा महिने राहिलास, शेवटी तुला खरंच झालं असणार. ‘खरंच’ हा शब्द मला खोडायचा होता, पण या कातड्यावर खोडलं की भोक पडतं.

शलोमीथ म्हणते, एकदा त्यांना शुद्ध म्हणा, सावलीचं मी मेले तरी कुणाला सांगणार नाही. फक्त वडीलधाऱ्यांसमोर म्हणा, म्हणजे पुढे कुणी तोंड वर करणार नाही. मी कबूल झालो. तिला वाटतं मी तिला घाबरलो. मला तू घरी यायला हवा आहेस. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

परवा भर दुपारी येतो. आभाळ स्वच्छ असेल.

हशब्या

अदार महिन्याचा पाचवा दिवस

अमर्या,

काल काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. तरी माझ्या बाजूनं ते कसं होतं हे कुणालातरी सांगायला हवं, आणि दुसरं कुणी ऐकणार नाही.

दगडाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तू. माझ्या उजव्या हाताला वडीलधारी माणसं, डाव्या हाताला शलोमीथ आणि उज्जी. तू कमरेचं सोडून सगळे कपडे उतरवलेस असं मला कुजबुजीवरून समजलं. मी वीस पावलं पुढे आलो. माझ्यापुढे ऊन होतं. उन्हात काहीतरी उभं होतं, उन्हाच्याच रंगाचं. मी डोकं हळूहळू खालीवर केलं, बाप करायचा तसं. तू हात वर केलेस, मागे वळलास, पुन्हा वळलास. मी प्रत्येक वेळी मान डोलावली.

मी विचारलं, कुठे उघडं मांस आहे का?

तू म्हणालास, “याजक तू आहेस, दादा. तू सांग.”

इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. बारीक नव्हता.

मी मोठ्यानं म्हणालो की हा माणूस डोक्यापासून तळव्यापर्यंत बर्फासारखा पांढरा झाला आहे, एक बोटभर जागा सुटलेली नाही, म्हणून तो शुद्ध आहे. शुद्ध आहे, असं तीनदा म्हणालो.

मग उज्जीचा आवाज आला, बाजारात बोलावा तसा साधा. “याजकबाबा, माणूस चांगला सावळा आहे. माझ्या भट्टीतल्या रांजणासारखा. अंगावर तीळसुद्धा नाही.”

वडीलधाऱ्यांपैकी एकानं माझ्या तोंडासमोर बोटं धरली आणि किती ते विचारलं. मी तीन म्हणालो. तो काही न बोलता बाजूला झाला, त्यावरून किती होती ते मला अजून कळलेलं नाही.

एवढ्यावर ते माझा शब्द फिरवतील असं मला वाटलं होतं. ते जास्त हुशार निघाले. याजकानं शुद्ध म्हटलं ना, मग शुद्ध, असं त्यांनी ठरवलं. माझा आयुष्यातला शेवटचा शब्द तेवढा त्यांनी ठेवून घेतला. मी ज्यांना ज्यांना अशुद्ध म्हणालो त्या सगळ्यांना शहरातला दुसरा याजक येऊन पुन्हा बघणार आहे. तुला सोडून छपरात सहा माणसं उरली आहेत. हेला धरून सात होती.

हशब्या

नीसान महिन्याचा अठ्ठाविसावा दिवस
उज्जीच्या अंगणातून

अमर्या,

ओळ सरळ राहावी म्हणून कातड्यावर दोरी ताणली आहे. अक्षरं एकावर एक चढली तर सांभाळून घे.

वल्हांडणाच्या सणाआधी तुझा शुद्धीचा विधी झाला. मला कुणी बोलावलं नाही, मी कुंपणापाशी उभा राहून ऐकलं. दोन पक्षी आणले. वाहत्या पाण्यावर एक कापला, दुसरा त्याच्या रक्तात बुडवून रानात सोडला. एजोबाच्या झुडपाच्या जुडीनं ते रक्त तुझ्यावर सात वेळा शिंपडलं. डोकं, दाढी, भुवया, सगळं भादरलं. कशासाठी? तुला काहीच झालं नव्हतं. त्या पक्ष्याला विनाकारण मरावं लागलं. पंखांची फडफड माझ्या डोक्यावरून गेली तेव्हा माझ्या गालावर एक थेंब पडला. मी तो पुसला नाही. वेड्यासारखं वाटलं की तोही त्या शिंपडण्यात मोजला जाईल.

आता गावचे डाग तू बघतोस. चांगलं बघतोस असं लोक म्हणतात. मला शहरात लाकडं निवडायला पाठवणार होते, पण किडा दिसायलाही डोळे लागतात, म्हणून तेही जमलं नाही. उज्जीनं मला ठेवून घेतलं. माती तुडवायला डोळे लागत नाहीत. मी दोरी धरून खड्ड्यात गोल गोल चालतो. का ठेवलंस असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “तुम्ही मला रोज दिसायला हवेत. मी तुम्हाला दिसलो नाही तरी चालेल.” दुपारी भाकरी देतो. आधी पाच भाकरी करायची सवय होती, आता उरतात, असं म्हणून देतो.

आता जे लिहिणार आहे त्यासाठी एवढं सगळं लिहिलं.

तुझ्या हातावर दोन पांढरे केस नव्हते. होते की नव्हते हे मला माहीत नाही, कारण मला तुझा हातच दिसला नव्हता. एक धूसर लांबट काहीतरी होतं आणि त्याच्या टोकाला तुझा आवाज होता. हेलाची मानही दिसली नव्हती. डोळे जायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि ते तुझ्या लक्षात आलं होतं. अशुद्ध माणसाचं कुणी ऐकत नाही, म्हणून तुला अशुद्ध केलं. हेलाला दुसऱ्या वेळी मी सोडू शकत होतो. सोडलं असतं तर तू बरोबर ठरला असतास.

मला घाण वाटते, अमर्या. रोज आंघोळ करतो, ओढ्यावर जाऊन पुन्हा करतो, तरी खांद्यापासून खाली काहीतरी चिकटलेलं राहतं. वल्हांडणाची भाकरी मी खाल्ली नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. सगळ्यांनी ताट पुढे सरकवलं होतं आणि माझा हात उचलला नाही. जन्मभर मी दुसऱ्यांना सांगत आलो की देव धुतो, देव बर्फासारखं पांढरं करतो. मग मला धुवायला त्याला कुणा याजकाचं तोंड कुठे लागतंय? पण नियम तुला माहीत आहे. आपलं पाप आपण बघायचं नाही, याजकानं बघायचं. ज्याचा अपराध केला त्याच्यासमोर कबूल व्हायचं, मग बळी, मग याजकाचा शब्द. माझ्यासाठी तिन्ही ठिकाणी तूच आहेस. मेंढा मी आणून तुझ्या दारात बांधला होता. संध्याकाळी तो सोडलेला मिळाला.

एकदा ये. माझ्याकडे बघ. शुद्ध म्हण किंवा अशुद्ध म्हण. अशुद्ध म्हणालास तरी चालेल. मला छपरात जायचं तर तसं सांग, मी स्वतःच्या पायानं जाईन. पण कुणीच काही बोलत नाही, हे आता सहन होत नाही.

उत्तर खापरावर दे. तुला गरज नाही, पण मला सवय झाली आहे.

तुझा भाऊ
हशब्या

इयार महिन्याचा तिसरा दिवस

अमर्या,

तुझं खापर पोचलं. उज्जीनं माझ्या हातात ठेवलं. जाडजूड होतं, एखाद्या रांजणाच्या पोटाचं. मी शलोमीथला हाक मारायला निघालो, तर उज्जी म्हणाला, वाचायला कुणी नको, तुमचं तुम्हाला येईल.

शाई नव्हती. तू खिळ्यानं अक्षरं कोरली होतीस, खोल आणि मोठी. छपरात उजेड कमी असेल म्हणून मी काढायचो त्याहून मोठी. माझा त्रास तू ओळखलास, आणि हे तुझ्या हातचं आहे याबद्दल या वेळी शंका नव्हती. त्या मागच्या खापरावर, शलोमीथनं वाचून दाखवलेल्या, तू खरं काय लिहिलं होतंस हे मला आजवर माहीत नाही.

मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि बोटानं वाचत गेलो. पहिला शब्द ‘दादा’ होता. तेवढा लागल्यावर मी रडलो, ते तुला कळवायला हरकत नाही. उज्जी समोरच उभा होता. मग डोळे पुसून पुढचं वाचलं. बोट दोनदा फिरवलं, म्हणजे चूक व्हायला नको.

“दादा, ती माती आहे. ओल्या फडक्यानं पूस, जाईल.”

माझ्या गळ्यावर, हातांवर, छातीवर माती होतीच, दिवसभर तीच तुडवतो. वाळून कडक झाली होती. मी उज्जीकडे फडकं मागितलं. तो आत गेला, बराच वेळ त्याला सापडेना. मग बाहेर येऊन ते माझ्या हातात देत म्हणाला, “घरात एकच आहे. हेलाचं. पाणी तुमचं तुम्ही घ्या.”

हशब्या